दिनमान आणि संध्याकाळ



पंचांगात तिथी-वार-नक्षत्रांच्या शेजारी ‘दिनमान’ म्हणून एक आकडा असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ, तो दिनमान. चोवीस मिनिटांची एक घटी, आणि साठ घटींचे अहोरात्र. पंढरपुरी २१ जूनच्या सुमारास दिनमान जवळजवळ ३३ घटी, म्हणजे सुमारे १३ तास ११ मिनिटे भरते. २१ डिसेंबरच्या सुमारास ते २७ घटी ४० पळांवर, म्हणजे ११ तास ४ मिनिटांवर येते. पूर्वी घटी मोजावयास पाण्यात भोकाचे घटिकापात्र सोडीत. आता घरात भिंतीवर काचेचा पडदा लावतात, तोच सारे सांगतो.

२०२४ च्या डिसेंबरअखेर आम्ही पंढरपुरी एका वृद्ध वारकऱ्याच्या घरी उतरलो होतो. त्यांचे कुटुंब कार्तिकात वारले होते. नातवाने माजघरात असा एक पडदा बसवून दिलेला. त्यावर सूर्य कमानीवरून सरकताना दिसे आणि खाली ‘उजेड किती उरला’ ते आकडे. त्या यंत्राला गावाचे अक्षांश-रेखांश सांगून ठेवलेले असतात. त्यावरून ते गणित करते, आभाळाकडे पाहत नाही. आमचे यजमान दुपारी चारपासून त्या आकड्यांकडे पाहत बसत. संध्याकाळ त्यांना खायला उठे. हरिपाठाची तीच वेळ. पण जन्मभर जोडीने म्हटलेला हरिपाठ एकट्याच्या तोंडी येईना.

एके दिवशी ते म्हणाले, “महाराज, २१ तारखेपासून दिवस वाढतो म्हणता ना? मग हे यंत्र सूर्योदय रोज उशिराच का दाखविते? आमचा उजेड गेला कुठे?”

आम्ही शास्त्र सांगू लागलो. पृथ्वीचा आस कललेला, तिची कक्षा लंबवर्तुळ. म्हणून सूर्याचा मध्यान्ह घड्याळाच्या बाराशी नेहमी जुळत नाही. डिसेंबरअखेर तो रोज सुमारे अर्धा मिनिट पुढे सरकतो, आणि दिवसाची वाढ तर त्या वेळी काही सेकंदांचीच. म्हणून आपल्याकडे सूर्योदय संक्रांतीच्या सुमारापर्यंत उशिराच होत राहतो. वाढ होते ती सूर्यास्ताकडे. सूर्यास्त तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धानंतरच लांबू लागलेला असतो.

उत्तर बिनचूक होते. पण यजमानांची नजर पडद्यावरून हलेना. तेव्हा आमचीच आम्हांला लाज वाटली. आम्ही तीन दिवस त्यांच्या घरचे अन्न खाल्ले, रोज तिन्हीसांजेला निरूपणासाठी बाहेर पडलो, आणि ज्या वेळेला ते भीत होते त्याच वेळेला त्यांना एकटे सोडले. विद्या पाठ होती, माणूस दिसला नाही!

त्या दिवशी आम्ही निरूपण तासभर पुढे ढकलले. खुंटीवरचे टाळ काढले, एक जोड त्यांच्या हाती दिला आणि म्हटले, “माउली, तुम्ही ज्या संध्याकाळीला भिता ना, देव उजेड तिच्याच पदरात टाकतो आहे. सकाळ अजून मागेच हटते आहे, हे खरे. पण दिवस वाढू लागला आहे, हेही खरे. चला, म्हणा.” पहिल्या अभंगाला त्यांचा कंठ दाटला. दुसऱ्याला टाळ लागला. पडद्यावरचा आकडा शून्यावर कधी आला, दोघांनाही कळले नाही.

सज्जनहो, परमार्थातही असेच आहे. नाम घेऊ लागताच पहाट होईल असे मानू नये. अंतरीचा सूर्य वळलेला असतो, तरी कित्येक दिवस अंधारच अधिक भासतो. म्हणून साधकाने धीर सोडू नये. घरी असे यंत्र असेल तर खुशाल पाहावे. त्याशी आपले वैर नाही. मात्र उरलेला उजेड नुसता मोजू नये, वेचावा. त्यातली एक घटी, चोवीस मिनिटे, नामाला द्यावी. आणि शेजारी कोणाची संध्याकाळ जड जात असेल, तर ती घटी त्याच्या ओसरीवर जाऊन द्यावी. पांडुरंगाच्या दरबारी अशी घटी वाया जात नाही.

रामकृष्णहरि.