कोऱ्या डिस्कचा आरंभ आणि नागार्जुनाची शून्यता

एखादी गोष्ट शून्यातून घडवली असे म्हणताना तिच्यामागे काहीच नव्हते असा दावा नकळत केला जातो, आणि हाच दावा माध्यमिक बौद्ध दर्शनाचा प्रवर्तक नागार्जुन याने ‘मूलमध्यमककारिके’च्या पहिल्या प्रकरणात तपासायला घेतला आहे. इसवी सनाच्या साधारण दुसऱ्या शतकातील या आचार्याचा संबंध परंपरा विदर्भाशी जोडते, व नागपूरजवळ रामटेक परिसरात त्याच्या नावाची टेकडीही आहे. वस्तू स्वतःतून उपजते, परक्यातून, दोहोंतून की कारणाशिवायच, हे चारही पर्याय तो नाकारतो. कारण त्याच्या मते कशालाही ‘स्वभाव’, म्हणजे इतर कशावरही न विसंबणारे अस्तित्व, नसते, आणि या अभावालाच तो शून्यता म्हणतो.

हा विचार पडताळण्यास आभासी संगणकाची, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाची, डिस्क-इमेज फार उपयोगी पडते. आरंभी ती केवळ शून्यांनी भरलेली फाइल असते. तिच्या 512 बाइटांच्या पहिल्या सेक्टरमध्ये 446 बाइट आरंभीच्या कोडसाठी, 64 बाइट विभाजनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे 2 बाइट बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला, ओळख पटावी म्हणून राखलेले असतात. पुढे विभाजनावर फाइल-प्रणाली आखून तीत लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, भरला जातो, व सेक्टरमधला चिमुकला कोड ग्रब या लोडरला आणि तो लोडर कर्नलला मेमरीत आणतो. खरी अडचण येथे येते: डिस्क वाचण्यासाठी कर्नलला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, पुष्कळदा त्याच डिस्कवर असतो. भारतीय तर्कशास्त्र याला अन्योन्याश्रय दोष म्हणते. लोडरने कर्नलसोबतच मेमरीत आणलेली तात्पुरती फाइल-प्रणाली, इनिटरॅमएफएस, हा पेच सोडवते. तिच्यातून ड्रायव्हर मिळतो, खरी डिस्क जोडली जाते आणि तात्पुरती व्यवस्था बाजूला सारली जाते.

सुरू झालेली इमेज स्वयंभू भासते, परंतु तिच्यातला प्रत्येक बाइट यजमान संगणकाने लिहिलेला असतो, तिचा कर्नल एका कंपायलरने, म्हणजे लिहिलेला कोड यंत्रभाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, घडवलेला असतो व तो कंपायलरही आधीच्या कंपायलरने. एवढ्यावरून तिचे चालणे खोटे ठरत नाही. नागार्जुनही वस्तूंचा व्यवहार नाकारत नाही. परावलंबी असल्यामुळेच त्या घडू आणि बदलू शकतात, असे तो दाखवतो.

आरंभ स्वयंभू असतो की परावलंबी, हा प्रश्न धर्मजीवनात अधिक मोलाचा ठरतो, कारण नवा आरंभ करणाऱ्या समाजाला त्याचा अधिकार कोठून आला असे नेहमीच विचारले जाते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात, आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनाराचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले, आणि नंतर, स्वतः भिक्षू नसताना, लाखोंच्या समुदायाला दीक्षा देऊन 22 प्रतिज्ञा दिल्या. महास्थविरांकडून शरण घेतल्याने त्यांचा निर्णय उसना ठरला नाही, आणि प्रतिज्ञा नव्या असल्याने त्या धम्मपरंपरेबाहेरच्याही ठरल्या नाहीत. जन्मजात उच्चनीचता हा माणसाचा स्वभावच मानणाऱ्या व्यवस्थेला शून्यतेचा विचार सर्वांत खोल उत्तर देतो: तो दर्जा कारणांनी घडलेला आहे, म्हणून कारणे काढली की तो मोडतो, आणि श्राद्धपक्ष न करण्याची, पिंडदान न करण्याची व ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी न करवण्याची प्रतिज्ञा ही नेमकी ती कारणे एकेक करून काढून टाकण्याची कृती होती.