मोजून दिलेले श्वास

माणसाला श्वास मोजूनच दिलेले असतात, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. सीओपीडीसारख्या फुफ्फुसाच्या जुनाट आजारात ती चटकन पटते. धाप लागते म्हणून आधी जिना सुटतो, मग बाजार, मग अंगणही. घरचेही प्रेमाने म्हणतात, ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो.’ याला दैवाचा स्वीकार म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. दैवाने न केलेली वजावटही आपणच त्याच्या नावावर मांडत असतो.

या रुग्णांना सायकल चालवायला लावून ‘का थांबलात’ असे विचारले, तर त्यांच्यातले बरेच जण धापेआधी पाय भरून आल्याचे सांगतात. न वापरलेले मांडीचे स्नायू रोडावतात, ऑक्सिजन वापरण्याची त्यांची ताकद घटते, थोड्या श्रमातही लॅक्टिक आम्ल साचते आणि ते निस्तरायला श्वास आणखी वाढवावा लागतो. श्वास वाचवायला बसलेला माणूस असा दर पावलाला जास्त श्वास खर्चू लागतो. उलट सहा-आठ आठवडे देखरेखीखाली चालण्याचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम केले, की सहा मिनिटांत कापता येणारे अंतर सहसा वाढते आणि धाप कमी होते. फुंकून मोजलेली फुफ्फुसाची क्षमता मात्र जवळपास होती तिथेच राहते! बिघाड तोच, माणसाच्या हातून होणारे काम मात्र वेगळे. छांदोग्य उपनिषदातल्या इंद्रियांच्या भांडणात प्राण श्रेष्ठ ठरतो हे खरे. पण त्या भांडणात पायांना कुणी बोलावलेच नव्हते. गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा (म्हणजे प्रयत्न) आणि दैव. दैव तिथे आहेच, पण पाचातले एक म्हणून.

प्रारब्ध भोगूनच संपते, असे कुणी म्हणेल. मान्य, पण भोगायचे ते झिजलेले फुफ्फुस. दुबळी मांडी ही बरीचशी नंतरची भर आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रयत्नाची थोरवी गाताना आपण रुग्णालाच आळशी ठरवत नाही का? आयुष्यभर चुलीचा धूर घेऊन हा आजार जडलेल्या बाईने विडीला हातही लावलेला नसतो. शिवाय आजारातली सूज, अपुरे पोषण, वारंवार घ्यावी लागणारी स्टेरॉइड्स यांनीही स्नायू झिजतात. म्हणून ‘चेष्टा’ एकट्या रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. त्याला कुणीतरी मोजूनमापून, ऑक्सिजनवर लक्ष ठेवून चालवायला हवे, आणि अशी सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. ती उणीव दैवाची नाही, आपल्या आरोग्यव्यवस्थेची आहे. तेव्हा पुढच्या तपासणीला इन्हेलरच्या चिठ्ठीबरोबर पायांच्या व्यायामाचीही चिठ्ठी मागून घ्या.