न जळलेल्या रानाची जाण

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या रस्त्याला माणसांची रांग लागते. दौलताबादवरून घाट चढत, पंचवीसेक किलोमीटर पायी तुडवत हजारो भाविक भद्रा मारुतीच्या दारात पोचतात. इथला मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. दिवस चैत्र पौर्णिमेचे. म्हैसमाळ आणि शूलीभंजनच्या डोंगरांवरचं कुसळी गवत तोवर वाळून पिवळं पडलेलं असतं, झाडांखाली पाचोळा चुरचुरत असतो आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम ऐन मध्यावर आलेला असतो. शेपटीने लंका पेटवणाऱ्या देवाचा जन्मोत्सव नेमका याच दिवसांत येतो.

लंकादहनाची गोष्ट लहान पोरालाही पाठ असते. त्यातला एक क्षण मात्र सहज निसटतो. वाल्मीकींच्या सुंदरकांडात शेपटीला आग लागलेली असताना हनुमानाला नवल वाटतं. एवढ्या ज्वाळा उठतायत, मग चटका का बसत नाही? शेपटीच्या टोकाला गारवा कसा? आणि तो कारणं शोधू लागतो: सीतेची दया, रामाचं तेज, शिवाय आपला पिता वायू आणि अग्नी यांची जुनी मैत्री. शत्रूच्या नगरात, जीव धोक्यात असताना हा वीर आपल्याला न बसलेल्या चटक्याचं देणं कुणाकुणाचं लागतो ते मोजत बसतो. पुढे लंका पेटल्यावर तोच धास्तावतो. रागाच्या भरात आपण सीतेलाही जाळून बसलो की काय, या विचाराने स्वतःलाच दोष देतो.

थंड झालेल्या आगीची दुसरी गोष्टही याच गावाला ठाऊक आहे. खुलताबादचं जुनं नाव रौझा. सूफी संतांच्या दर्ग्यांचं हे गाव. चिश्ती परंपरेतले बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ साली वारले, ते इथेच विसावले आहेत. कुराणात इब्राहीमला आगीत टाकतात तेव्हा ईश्वर त्या आगीलाच गार व्हायला सांगतो. मंदिर आणि दर्गा यांच्यात चालत जाण्याएवढं अंतर, आणि दोन्हीकडे आगीत न भाजलेल्याची कथा.

वाईट घडलंच नाही, तर त्याची जाण कशी ठेवायची? आजार बरा झाला की नवस फेडता येतो. पण जो वणवा लागला नाही, किंवा हाताएवढा असतानाच विझला, त्याचं काही उरत नाही. हिरवं रान तर सगळ्यांना आपोआप आलेलंच वाटतं.

ते आपोआप राहत नाही. खुलताबादच्या वायव्येला, कन्नड आणि चाळीसगावच्या हद्दीत, गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं पानगळीचं रान. अशा रानांत हंगामाआधीच जाळरेषा काढाव्या लागतात. ठरलेल्या पट्ट्यांतलं गवत कापायचं, पाचोळ्यासकट जाळून जमीन उघडी करायची, म्हणजे पुढे आग आली तरी तिला खायला काही मिळत नाही. वणव्याची सूचना आता उपग्रहाकडूनही येते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा संदेश मोबाइलवर पडतो. पण उपग्रह आग दाखवतो, विझवत नाही. त्यासाठी वनरक्षक आणि हंगामी वनमजूर डोंगर चढतात. आग चढावर जोरात पळते, कारण वरचं गवत खालच्या ज्वाळेने आधीच तापलेलं असतं. म्हणून तिच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, हे तिथे पहिलं शिकवलं जातं. हिरव्या फांद्यांनी झोडपत, कुठे ब्लोअरने पाचोळा उडवत, कडेकडेने आग आवळत न्यायची. पहाटे वारा पडला, दव धरलं, की कामाला जोर येतो. अशा रात्रीनंतर कॅनमधलं कोमट पाणी आणि फडक्यात बांधलेली भाकरी यांची चव वेगळी लागत असणार. पहिला तुकडा मोडून बाजूला ठेवण्याची जुनी रीत तिथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

मराठी घरात ‘आभारी आहे’ म्हटलं तर माणूस परका झाल्यासारखा वाटतो. आपला शब्द ‘जाण’. उपकाराची जाण असते, नाहीतर नसते. संस्कृतातला ‘कृतज्ञ’ही तेच सांगतो: जे केलं गेलं ते जाणणारा. अकराव्या शतकात इमाम गझालींनी शुक्राची, म्हणजे कृतज्ञतेची, फोड करताना ज्ञान, मनाची अवस्था आणि कृती असे तीन भाग सांगितले, आणि आरंभ ज्ञानापासून केला. आधी कळलं पाहिजे, मग मन भरून येईल, मग हात हलतील. दोन वेगळ्या वाटांनी आलेला विचार एकाच जागी पोचतो, याचं अप्रूप वाटतं.

इथे एक धोका आहे, तो लपवू नये. काही महिन्यांच्या रोजंदारीवर राबणाऱ्या मजुराला ‘मिळतंय त्यात समाधान मान’ असं सुनावण्यासाठीही धर्माचा वापर होतो. ती कृतज्ञता नव्हे. जाण ठेवायची ती ज्याच्यासाठी केलं गेलं त्याने. ज्याने केलं त्याच्याकडून ती वसूल करायची नसते. देवाने वाचवलं म्हणून हात जोडणाऱ्यानेही तिथेच थांबू नये. जो माणसांचे आभार मानत नाही त्याने ईश्वराचेही मानलेले नाहीत, अशा अर्थाची एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. हनुमानानेही रामाचं नाव घेऊन हिशेब मिटवला नाही, सीता आणि पिता दोघांनाही मोजलं.

डोंगरावर ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी काम संपत नाही. जुन्या खोडाच्या पोटात धग तासन्‌तास राहते, दुपारच्या वाऱ्याबरोबर पुन्हा तोंड काढते. मग एकेका बुंध्याशी वाकायचं, माती सारायची आणि काळ्या राखेवर उलटा हात धरून बघायचं. ऊब लागली तर आणखी माती. गार लागली तर पुढच्या बुंध्याकडे.