मधल्या पायरीवरील मनुष्याचा भार

ज्याच्या शिरावर वरिष्ठ आहे आणि ज्याच्या हाताखाली माणसे आहेत, त्याने वरून आलेला धाक तसाच खाली द्यावा काय? हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अंगणवाडीची पर्यवेक्षिका पाहा. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. तीत वर प्रकल्प अधिकारी, खाली पाड्यापाड्यांतील सेविका व मदतनीस, आणि मध्ये पर्यवेक्षिका. २०२१ पासून मुलांची वजने मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरावयाची असतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडी परततात. तेव्हा काही लेकरे सुकलेली दिसतात. मग वरून विचारणा होते की, कुपोषित मुले का वाढली? भट्टी तिच्या हुकमात नाही, जबाब मात्र तिचा.

अशा वेळी सेविकेवर डाफरून 'आकडा खाली आणा' असे बजावणे सोपे. क्षणभर छाती हलकी होते. परंतु भ्यालेल्या हाताने अर्धा किलो अधिक लिहिला, तर कागदावरचे लेकरू धडधाकट होते आणि पाड्यावरचे जादा आहारास मुकते. जो धाक रागाच्या रूपाने खाली गेला, तो असत्याच्या रूपाने वर परत येतो. आणि त्याचे मोल ज्याला अद्याप बोलता येत नाही तो भरतो.

मग सर्व मुकाट्याने गिळावे काय? तेही नव्हे. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन विद्वानाने १९७९ साली दाखविले की, काम फार व अधिकार थोडा असे जेथे असते, तेथे मनुष्य अधिक खचतो. गिळलेला ताण म्हणजे सहनशीलता नव्हे.

म्हणून आधी ओझे निवडावे. जे आपल्या हातचे, ते आज करावे. सेविकेबरोबर जाऊन वजनाचा काटा स्वतः पाहावा. जे आपल्या हातचे नाही, ते वर स्पष्ट लिहून कळवावे: अमुक कुटुंबे अमुक दिवशी परतली, इतक्या मुलांची वजने घटली. आणि जो दोष सेविकेचा नाही, तो आपल्यापाशीच थांबवावा. कफर्णहूमचा शताधिपती हुकूम मानणारा व हुकूम करणाराही होता. तरी त्याने विनंती केली ती आपल्या आजारी चाकराकरिता.

वाचकहो, तुम्ही मुकादम असा, मुख्याध्यापक असा की मंडळीचे पंच असा, हाच नियम तुम्हांसही लागू आहे. आणि जे वर बसले आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे की, खऱ्या आकड्यास जो शिक्षा करतो, त्याच्या कानी पुढे खोटाच आकडा येतो.