जुन्या मोटारीचा भरवसा

‘तो माणूस भरवशाचा आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या विधानात त्याच्या वर्तनाचा जुना अनुभव आणि पुढील वर्तनाविषयीची अपेक्षा या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात. यंत्राविषयी मात्र हाच शब्द आपण बराच सैलपणे वापरतो. जुन्या मोटारींच्या बाजारात हे विशेष जाणवते. फियाट पुंटो ही मागे उघडणाऱ्या दाराची छोटी इटालियन मोटार तेथे पुष्कळदा एखाद्या नव्या मोटारसायकलीच्या किमतीत मिळते. तिच्याच वयाची आणि तितकीच धावलेली जपानी घराण्याची मोटार तिच्याहून बराच अधिक दाम मागते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते: इटालियन गाडी, भरवसा नाही.

हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला. परंतु सावंतवाडीकडील एखाद्या गृहस्थाची सारी शिल्लक लाख-दीड लाखाची असावी, आणि म्हाताऱ्या आईला दर पंधरवड्याला बांबोळीच्या इस्पितळात घेऊन जाणे त्याला प्राप्त असावे, तर त्याच्या दृष्टीने तो केवळ गॅरेजातला राहत नाही. स्वस्त गाडी घेतली आणि ती पत्रादेवीच्या नाक्यावर बंद पडली, तर त्याचे नुकसान पैशांत मोजता येणार नाही. आणि भीतीपोटी ती घेतलीच नाही, तर आईला बसच्या गर्दीतून न्यावे लागेल. तेव्हा लोक म्हणतात ते खरे आहे काय, आणि खरे असलेच तर कोणत्या अर्थाने, हे पाहणे त्याला भाग आहे.

लोकापवाद निराधार नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 1970 ते 1980 या दशकात इटलीच्या कित्येक मोटारी गंजासाठी कुप्रसिद्ध झाल्या. नेपल्सजवळ बनणारी अल्फासूद त्यांपैकीच. इंग्लंडात 1980 साली तर गंजलेल्या लान्चिया बेटा गाड्या कंपनीला ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. अशा गोष्टी बाजार विसरत नाही.

परंतु आपल्याच मुंबईने या अपवादाविरुद्ध केवढी मोठी साक्ष दिली आहे! वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची 1100 ही मोटार बनवली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली, आणि काळ्या-पिवळ्या रंगात कित्येक दशके मुंबईची टॅक्सी होऊन राहिली. त्या टॅक्सींतील शेवटची 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. तिला कोणी बेभरवशाची म्हटल्याचे आठवत नाही. तीही इटालियनच होती. परंतु तिचे इंजिन उघडू शकणारा मेस्त्री गल्लोगल्ली होता आणि तिचा सुटा भाग कोणत्याही दुकानात मिळत असे. लोकांपुढे त्या काळी फारशी निवडही नव्हती, हे खरे. पण निवड नसल्याने गाडी चालत नसते. ती चालली, कारण तिच्याभोवती जाणत्यांचा गोतावळा होता.

पुंटोची गोष्ट याहून बोलकी आहे. ती 2009 पासून पुण्याजवळच्या रांजणगावात बनली. तिच्या डिझेल प्रकारात 1248 घनसेंटिमीटरचे जे इंजिन आहे, ते फियाटच्या घरचे. तेच इंजिन परवाना घेऊन मारुतीने मानेसरला बनवले आणि 2007 पासून आपल्या स्विफ्टमध्ये बसवले. टाटांच्या व्हिस्टातही ते गेले. स्विफ्टमध्ये बसलेल्या या इंजिनाला लोक भरवशाचे म्हणतात. पुंटोमध्ये ते बसले की त्याच तोंडाने नाके मुरडली जातात. एकच धातू, एकच रचना, आणि निवाडे दोन! भरवसा हा निव्वळ वस्तूचा गुण असता तर असे घडते ना.

मग स्वस्तपणा कशाचा? माझ्या मते तो पुष्कळ अंशी पोरकेपणाचा आहे. भारत-स्टेज सहाचे निकष 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले, त्याआधीच फियाटच्या नावाची नवी मोटार येथे विकली जाणे थांबले होते. नवी गाडी नाही म्हणून विक्रेता नाही, विक्रेता नाही म्हणून सुटे भाग ठेवणारा दुकानदार विरळ, आणि मग शिकायला मेस्त्रीही उत्सुक नाही. दोष आणि पोरकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजार त्यांना एकच नाव देतो. ग्राहकाला दोहोंचाही त्रास होतो, हे खरे. तथापि त्यांची परीक्षा वेगळ्या ठिकाणी करावी लागते. दोष पाहायचा तर गाडीपाशी जावे: रात्रभर थंड राहिलेले इंजिन सकाळी सुरू करून आवाज ऐकावा, तेल वेळच्या वेळी बदलल्याच्या पावत्या मागाव्या, कारण या डिझेल इंजिनात टायमिंगची साखळी असते आणि जुन्या, घाणेरड्या तेलावर ती झिजते, गाडी किनाऱ्यावर वापरली असेल तर दारांच्या खालच्या कडा आणि तळाचा पत्रा वाकून पाहावा. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये, तो मागे फिरवणारे लोक पुष्कळ आहेत. पोरकेपणा पाहायचा तर गाडीपाशी जाऊन उपयोग नाही. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरात ही गाडी ओळखणारा मेस्त्री आहे काय, पुढचा दिवा फुटला तर तो किती दिवसांत मिळेल, हे विचारत हिंडावे लागते. इंजिनाचे पुष्कळ भाग स्विफ्टच्या कृपेने मिळतात. दिवा, काच, बंपर यांवर ती कृपा नाही.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ हे सांगणे सोपे. पण बाजारातला भाव जनाचेच ऐकतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो लेख लिहिला, त्याचा आशय असा की, गाडीचे खरे रूप विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा स्थितीत ग्राहक सरासरीचीच किंमत देऊ करतो. परिणामी चांगली गाडी असलेला मालक बाजारातून निघून जातो. मला यात अन्याय दिसतो तो त्या मालकावरचा. लोखंडाला अपमान कळत नाही. पण ज्याने दर वेळी तेल बदलले, पावत्या जपल्या, त्याला हयगय करणाऱ्याच्याच पंक्तीला बसावे लागते.

आता विक्रेत्याचे कर्तव्य. योगायोगाने हा वादही इटलीच्याच भूमीवर गाजलेला आहे. सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा मतभेद दिला आहे. घराचे दोष मालकालाच ठाऊक आहेत; विकताना त्याने ते सांगावे काय? अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. डायोजिनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूला पडतो. आपला 1930 चा मालविक्रीचा कायदा मात्र, काही अपवाद सोडता, गुणवत्तेची जोखीम ग्राहकावरच टाकतो. कायद्याला तसे करावे लागत असेल. शेजाऱ्याला गाडी विकणाऱ्याला त्या कायद्याआड उभे राहता येईल, असे मला वाटत नाही.

परंतु या वादाची दुसरी बाजू सहसा कोणी मांडत नाही. ग्राहकही काही जाणतो. हे इंजिन स्विफ्टचेच आहे, हे त्याला ठाऊक असते. तरी तो तोंड वाकडे करून ‘इटालियन गाडी, कोण घेणार?’ म्हणतो आणि वीस हजार उतरवून घेतो. ज्या अफवेवर स्वतःचा विश्वास नाही तिचा उच्चार भावासाठी करणे, हे विक्रेत्याच्या मौनाहून कमी दोषास्पद कसे? गप्प बसून कमी भाव सांगण्याचा अधिकार त्याला आहे. खोटी शंका बोलून दाखवण्याचा नाही. सावंतवाडीच्या त्या गृहस्थाला तर हे व्यवहारातही परवडणारे नाही. मालकाने इतकी वर्षे गाडी ज्याच्याकडे नेली तो मेस्त्री कोण, आणि सुटे भाग कोल्हापुराहून येत की पुण्याहून, हे त्याला विचारायचे आहे. आणि ज्याच्या गाडीला आताच नावे ठेवली, तो मालक हे सांगण्याइतका मोकळा राहील, असे धरून चालता येत नाही.