ट्रेवरचा चौक

गेल्या महिन्यात इन्स्टावर एक ऑर्डर आली. सहा सर्व्हिंग ट्रे, आणि प्रत्येकावर 'तो देवीवाला चौकोन'. सोबत फोटो होता. लग्नचौक, मधोमध पालघट देवी.

मी डहाणू तालुक्यातली वारली मुलगी. मग, टी-शर्ट, कापडी पिशव्या रंगवून विकते. बायोमध्ये मीच लिहिलंय, 'आमची संस्कृती, आमच्या हातांनी'. मग नाही म्हणायला कारण तरी काय?

कारण असं की लग्नचौक आमच्याकडे शोभेचं चित्र नसतो. ते लग्नातलं एक काम असतं. भिंत सारवून, गेरू लावून सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात. धवलेरी गाणी म्हणत देवीला बोलावते. लग्न लागलं की चौकाचं काम संपलं. पुढे धुराने, ओलीने तो पुसट होत जातो. या ट्रेवरचा चौक मात्र घासून निघता कामा नये, अशी अट होती.

पवित्र गोष्ट विकू नये, एवढं म्हणून मला सुटता येत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाचं निमित्त सोडून चित्रं काढली. भिंतीवरची चित्रं कागदावर आली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा रीत मोडली गेली नसती तर आज माझं दुकानच नसतं. शुद्धतेच्या गोष्टी मी कुठल्या तोंडाने करू? शिवाय ही मुळात बायकांची कला. पैसा आला तशी ती पुरुषांकडे सरकली, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी विकते तेव्हा घरचंच परत घेतेय असं मला वाटतं. (ते सोयीचं आहे म्हणूनही वाटत असेल.)

2014 मध्ये वारली चित्रकलेला जीआय मानांकन मिळालं. नावाला संरक्षण आलं, चांगलंच झालं. पण काय टिकायचं आणि काय विसरायचं, हे मानांकन ठरवत नाही. ते गिऱ्हाईक ठरवतं. तारपा नाच खपतो, म्हणून मी शेकडो तारपे काढलेत. माझ्या अकरा वर्षांच्या भावाला विचारा वारली म्हणजे काय, तो गोल नाच काढून दाखवेल. चौकातला घोड्यावरचा पंचशिऱ्या त्याला ओळखता येत नाही. त्याला तो दाखवणार कोण होतं? मीच ना. मी मग रंगवत होते.

म्हणजे चौक विकला तर तो ट्रे होतो, नाही विकला तर घरातूनच जातो.

आजीला फोटो दाखवला. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला, चौकाची कडा बोटाने मोजली आणि विचारलं, "त्यांच्या घरी लगीन आहे का?"

"नाही गं."

"मग देवी येऊन करणार काय?"

मी बाईंना कळवलं की चौक ट्रेवर होणार नाही. घरात कधी लग्न निघालं तर आम्ही येऊन भिंतीवर लिहू. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'ओके, मग तारपावाले द्या.'

सहाही ट्रे मी रंगवले. रात्री भावाला पडवीत बसवलं, पिठाची वाटी आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी दिली. घोड्याचे पाय त्याला काही केल्या जमेनात. आजी म्हणाली, राहू दे, उद्या परत.