आईचा वेळ

२०२० च्या टाळेबंदीत शाळांना कुलपं लागली आणि शिक्षण मोबाइलवर आलं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा सरकारी उपक्रम त्याच दिवसांतला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या घरीही व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येऊ लागले. पडद्यावर बाई टाळ्या वाजवून गाणं म्हणत, आणि एखादं मूल मोबाइल उलटा करून बाई मागे कुठे आहेत ते शोधी. त्याचं काहीच चुकत नव्हतं. त्याच्या लेखी बाई म्हणजे शेजारी बसलेलं, स्पर्श करणारं माणूस.

शर्टाचं बटण लावायला शिकवणं जवळून पाहावं. बाई वरची सगळी बटणं स्वतः लावतात, शेवटचं अर्धं काजात घालून देतात. मुलाने ते फक्त ओढायचं. जमलं की शाबासकी. कित्येक दिवसांनी त्याच्या आधीची पायरी. मुलाच्या मनगटावरचा बाईंचा हात हळूहळू कोपरावर येतो, मग खांद्यावर, आणि एके दिवशी निघतो. हे पडद्यावरून होत नाही. घरात कुणाचा तरी हात लागतो, आणि तो बहुतेक घरांत आईचाच असतो.

शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडण्याचा हक्क दिला. पर्याय आणि निवड हे त्यातलं सार आहे. वाई तालुक्यात, धोम धरणाच्या पलीकडे, जोरच्या खोऱ्यात, ऐन पावसात मुलाला रोज वाईला आणणं जिथे अशक्य, तिथे निवड कसली? तिथे गृहाधारित शिक्षण म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक काम. भातलावणी, गुरं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, आणि आता शिक्षिकेची नोकरी. पगार नाही, सुट्टी नाही, तिला कुणी विचारलेलंही नाही. मूल मागे पडलं की मात्र 'घरी लक्ष देत नाहीत' हा शेरा तिच्याच नावावर.

दुरून शिकण्यात या मुलांचं भलंही आहे, हे मला मनापासून मान्य आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी पाच वर्षांत नऊ संधी घेऊन, एकेक विषय सोडवत देता येते. सौम्य अक्षमता असलेल्या मुलाला ही सवड म्हणजे मोठा आधार. वर्ग पुढे निघून गेला, ही टोचणी तिथे नसते. पण त्या वाटेवरही पुस्तक उघडून शेजारी बसणारं कुणीतरी लागतंच.

वाईला ज्ञान घरोघरी पोचवण्याचं काम नवं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश याच गावात घडला, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज तो कुठूनही वाचता येतो. मात्र तो वाचणारा प्रत्येक जण कधीतरी कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून अक्षर गिरवून आलेला असतो. दुरून मिळणारं सगळं शिक्षण त्या आधीच्या जवळिकीवर उभं असतं. या मुलांना ती जवळीक जास्त वर्षं लागते, एवढाच फरक.

म्हणून व्हिडिओ किती पाठवले याची नोंद ठेवणाऱ्यांनी आणखी एक रकाना आखावा: या आठवड्यात आईला किती तास मोकळे मिळाले? विशेष शिक्षकाकडे गावं अनेक. तो रोज पोचणार नाही. पण त्याच्याकडून पायरीपायरीने शिकवण्याची रीत शिकून घेतली, तर गावातल्या निवृत्त गुरुजींना, शेजारच्या काकूंना, कॉलेजात जाणाऱ्या पोरांना आठवड्यातून दोनदा तासभर बसणं अवघड नाही. मूल त्यांच्या हाताला सरावेपर्यंत आईने शेजारी थांबावं. नंतर त्या तासात तिने रानात जावं, माहेरी फोन करावा, नाहीतर खुशाल झोपावं.